नऊ वर्षांची पिचर: गावची लीग की ट्रॅव्हल टीम?

ऑगस्ट २०२४ मधल्या एका शुक्रवारी रात्री पावणेदहाला ईमेल आला. आमच्या लेकीची दहा वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉलच्या ट्रॅव्हल टीममध्ये निवड झाली होती. जागा हवी असेल तर रविवारी रात्रीपर्यंत होकार कळवायचा आणि ५०० डॉलर भरायचे. लेक नऊ वर्षांची, वर झोपलेली. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो ईमेल पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

हे प्रकरण त्या ४८ तासांचं आणि त्यानंतरच्या दीड वर्षाचं आहे. सविस्तर लिहितेय, कारण भारतात वाढून इथे अमेरिकेत आलेल्या आईबापांपुढे हा प्रश्न येतो तेव्हा त्यामागची व्यवस्थाच त्यांना ठाऊक नसते. मी तर स्वतः सॉफ्टबॉल खेळलेली, तरी मलाही ती कळायला वेळ लागला.

मी जळगावची. शाळेकडून जिल्ह्याला खेळले, एकदा विभागालाही गेले. सगळ्या संघात मिळून दहा ग्लोव्ह होते, तेही वर्षानुवर्षं वापरून मऊ पडलेले. सर निवडायचे, शाळा पाठवायची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी ठरलेली होती आणि पुढे दहावीला खेळाडूंचे वाढीव गुण. आईवडिलांचं काम डबा देण्याचं आणि संमतीच्या कागदावर सही करण्याचं. इथे न्यू जर्सीत प्राथमिक शाळेचा सॉफ्टबॉलशी काही संबंध नाही. मुलगी मोठ्या शाळेत जाईपर्यंत सगळा खेळ आईबापांचा खिसा, त्यांची गाडी आणि त्यांचे शनिवार-रविवार यांवर चालतो. त्यात दोन वाटा आहेत.

पहिली वाट गावच्या लीगची, म्हणजे रिक्रिएशनल, बोलीत 'रेक'. जानेवारी-फेब्रुवारीत नाव नोंदवायचं, मार्चमध्ये संघ पाडले जातात, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सामने. कोच म्हणजे कुणाचे तरी बाबा, कुणाची तरी आई. जी नाव नोंदवेल ती खेळणार. आमच्या गावची लीग लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या संघटनेशी संलग्न आहे. लिटल लीगने मुलींसाठी सॉफ्टबॉल १९७४ साली सुरू केला, आणि तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: नेहमीच्या हंगामात हजर असलेल्या प्रत्येक मुलीला प्रत्येक सामन्यात समोरच्या संघाचे किमान सहा आउट होईपर्यंत मैदानात उभं करायचं आणि किमान एकदा बॅटिंग द्यायची. म्हणजे सगळ्यात कच्च्या मुलीलाही बाकावर बसवून सामना संपवता येत नाही.

दुसरी वाट ट्रॅव्हल टीमची. हे खासगी क्लब. ऑगस्टमध्ये ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या होतात, निवड होते, आणि पुढच्या जुलैपर्यंत संघ बांधला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टूर्नामेंट, थंडीत गोदामासारख्या बंदिस्त जागेत सराव, वसंतापासून पुन्हा टूर्नामेंट. शनिवारी गटातले दोन-तीन सामने, त्यांवरून क्रम लागतो, आणि रविवारी हरलात की घरी.

आमच्या लेकीची सगळ्यात जवळची मैत्रीण ट्रॅव्हलला चालली होती. तिच्याबरोबर 'नुसतं बघायला' म्हणून ही ट्रायआउटला गेली आणि निवडली गेली. आम्ही कुठलाच विचार करून ठेवलेला नव्हता, आणि ही आमची पहिली चूक. निवड झाली तर काय करायचं हे ट्रायआउटच्या आधीच घरात बोलायला हवं. नंतर ४८ तासांत जे होतं त्यात अर्धा भाग 'आपली मुलगी निवडली गेली' या आनंदाचा असतो, आणि तो आनंद डोकं चालू देत नाही.

वहीतले आकडे

शनिवारी सकाळी मी माझी गुणवही काढली. आमच्या रेक संघाची गुणलेखक मीच होते. गेमचेंजर नावाच्या अॅपवर प्रत्येक चेंडू टिपायचा आणि घरी आल्यावर आपल्या मुलीपुरतं वहीत उतरवून ठेवायचं, ही माझी सवय.

बारा सामन्यांत लेक ३६ वेळा बॅटिंगला उभी राहिली होती. त्यात १७ वेळा वॉक मिळून (चेंडू टाकणाऱ्या पिचरचे चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक) किंवा चेंडू अंगावर लागून पहिल्या बेसवर गेली, ९ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाली. उरले १०. म्हणजे पूर्ण हंगामात बॅटला लागून चेंडू मैदानात गेला तो फक्त दहा वेळा. फिल्डिंगचं त्याहून वाईट. सेकंड बेस आणि राइट फील्डला उभी असताना तिच्याकडे एकूण सात चेंडू आले. बारा सामने, सात चेंडू.

यात तिचा दोष नव्हता, संघाचाही नव्हता. दहा वर्षांखालच्या रेक सॉफ्टबॉलचं हेच दुखणं आहे. मुली नुकत्याच हात गोल फिरवून, विंडमिल पद्धतीने चेंडू टाकायला शिकलेल्या असतात. ३५ फुटांवरून ११ इंची चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्यात पडणं मुश्कील. मग वॉक, वॉक, वॉक. एका डावात ५ धावा झाल्या की डाव संपवायचा असा नियम आहे, म्हणून सामना निदान पुढे सरकतो. पण शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, उभी असलेली चुणचुणीत मुलगी तासभर गवत उपटत राहते. रेकच्या बाजूने बोलणारे हे सांगत नाहीत. ज्या मुलीला खेळाची भूक लागली आहे तिला ही लीग उपाशी ठेवू शकते, आणि ट्रॅव्हलकडे जाणारे सगळे पालक महत्त्वाकांक्षेनेच जातात असं मुळीच नाही. त्यांना आपली मुलगी खेळताना बघायची असते.

पण वहीत आणखी एक ओळ होती. शेवटच्या पाच सामन्यांत कोचने तिला पिचिंग दिलं होतं. ९ इनिंग, म्हणजे डाव, आणि २४ वॉक. आकडे बघितले तर रडू यावं असे. मला मात्र आठवत होता तिचा चेहरा. पिचर जिथून चेंडू टाकते त्या वर्तुळात उभी राहिली की ती इतर कुठल्याही जागी असते त्याहून वेगळी मुलगी व्हायची. चार वॉक दिल्यावरही पाय रोवून पाचव्या बॅटरकडे बघायची.

त्या दुपारी नवऱ्याने कागदावर पैशांचा हिशेब मांडला. ट्रॅव्हलची वर्षाची फी २४०० डॉलर, गणवेश आणि बॅग ३७५. तीन टूर्नामेंटना हॉटेलात दोन-दोन रात्री, साधारण १०८०. पेट्रोल, बाहेरचं जेवण आणि मैदानाच्या फाटकावर पालकांना लागणारं तिकीट धरून ९००. एकूण ४७५५. दुसऱ्या बाजूला रेकचे १६५, शरद ऋतूतल्या छोट्या हंगामाचे ९०, आणि पिचिंगच्या खासगी शिकवणीचे अर्ध्या तासाला ५० प्रमाणे तीस आठवड्यांचे १५००. एकूण १७५५. फरक बरोबर तीन हजारांचा. जुलैतली मुंबईची दोन तिकिटं साधारण तेवढ्यात येतात, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं.

दिवसांचा हिशेब त्याहून अवघड होता. पहिली टूर्नामेंट ७ आणि ८ सप्टेंबरला. त्या वर्षी ७ सप्टेंबरला, शनिवारीच, गणेश चतुर्थी होती. रविवारी सकाळी मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची, जिथे ती तिसऱ्या वर्षाला होती. आणि जुलैचे पाच आठवडे जळगावला. आजी वर्षभर त्याच पाच आठवड्यांची वाट बघते. फोनवर तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, खेळू दे तिला. मी काय, कधी पण भेटेन." आईने हे ज्या आवाजात म्हटलं तो आवाज ओळखायला मला चाळीस वर्षं मिळाली आहेत.

शिष्यवृत्तीची गोष्टही निघाली. इथे ती निघतेच. त्याच जुलैमध्ये निजारी कॅनडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेक विद्यापीठात गेली होती, एका वर्षाच्या दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर, आणि ट्रायआउटच्या कुंपणापाशी सगळे पालक त्याबद्दलच बोलत होते. म्हणून ही माहिती इथे नीट मांडते. विद्यापीठांच्या खेळांच्या पहिल्या श्रेणीत (डिव्हिजन वन) तेव्हा एका सॉफ्टबॉल संघाला जास्तीत जास्त १२ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या वीसेक मुलींमध्ये तुकड्यांनी वाटल्या जात. २०२५-२६ पासून बऱ्याच विद्यापीठांत ही व्यवस्था बदलली, शिष्यवृत्त्यांऐवजी संघाच्या आकाराला २५ ची मर्यादा आली. पण आमच्यासाठी महत्त्वाचा नियम निराळा होता: मुलगी अकरावीत जाते त्या वर्षीच्या १ सप्टेंबरच्या आधी या श्रेणीतले कोच तिच्याशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. नऊ वर्षांची मुलगी कुठल्या संघात खेळते याकडे बघणारं तिथे कुणी नसतं. शिष्यवृत्तीसाठी दहाव्या वर्षी ट्रॅव्हल लागतं, या समजुतीवर कुणी पैसे घालत असेल तर त्याने हा नियम आधी वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मागे एकदा सांगितलेलं या निमित्ताने आठवलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१६ साली सल्ला दिला होता की मुलांनी एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी घ्यावी आणि वर्षातून एकंदर तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्यांत का होईना, आपल्या मुख्य खेळापासून दूर राहावं. ट्रॅव्हलच्या वेळापत्रकात ऑगस्टचे दोन आठवडे सोडले तर असा मोकळा महिना मला शोधून सापडला नाही.

तिचा प्रश्न

इथवर आम्ही दोघंच बोलत होतो. लेकीला विचारलं होतं ते एवढंच: "जायचंय का?" ती म्हणाली होती, "हो." मैत्रीण जाणार होती, दुसरं काय म्हणणार? हा प्रश्नच चुकीचा होता.

रविवारी सकाळी पोहे खाताना नवऱ्याने तिला वेगळं विचारलं, "बेटा, सॉफ्टबॉलमधलं तुला सगळ्यात काय आवडतं?" तिने मान वर न करता सांगितलं, "पिचिंग." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, तिकडे मला पिच करू देतील का?"

दोन दिवसांत हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचला नव्हता. मी लगेच कोचना फोन लावला. ते फार सरळ गृहस्थ निघाले. संघात १३ मुली. पाच पिचिंग करतात, त्यांत तीन जणी वर्षभर शिकवणी घेतलेल्या. शनिवारी सगळ्या मुली बॅटिंग करतात, रविवारी चांगल्या नऊ जणी. "तुमच्या मुलीचा हात चांगला आहे," ते म्हणाले, "पण खरं सांगायचं तर या वर्षी ती आउटफील्डला खेळेल. सरावात पिचिंग करेल." जुलैचे पाच आठवडे नसेल हे सांगितल्यावर ते थोडे थांबले, आणि म्हणाले की हंगामाचा कळस जुलैमध्येच असतो, तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी लागेल.

म्हणजे ट्रॅव्हलमध्ये तिला चेंडू पुष्कळ मिळाले असते, सराव उत्तम मिळाला असता, फक्त ते वर्तुळ मिळालं नसतं. रेकमध्ये बाकी सगळं कमी होतं, पण वर्तुळ तिचं होतं. मुलगी शॉर्टस्टॉप असती, जुलै मोकळा असता, तर मी त्या रात्री होकार कळवला असता आणि आजही त्याचा पश्चात्ताप झाला नसता. पिचर किंवा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) व्हायची इच्छा असेल तेव्हा मात्र हिशेब उलटा होतो, कारण या दोन जागा सामन्यात उभं राहिल्याशिवाय शिकता येत नाहीत, आणि संघात त्या आधीच भरलेल्या असतात.

संध्याकाळी पाचला आम्ही नकार कळवला. लेक रडली. मैत्रिणीसाठी रडली, आणि त्यावर आमच्याकडे औषध नव्हतं.

बादलीवरचं वर्ष

ऑक्टोबरपासून दर गुरुवारी साडेसहाला पिचिंगची शिकवणी. शिकवणारी पूर्वी कॉलेजात पिचर होती. पहिले सहा आठवडे तिने हात पूर्ण फिरवूच दिला नाही. नुसतं मनगट, मग कंबरेपासून, मग अर्धं वर्तुळ. चेंडू खालून टाकतात म्हणजे खांद्याला धोका नाही, असं मी जळगावपासून मानत आलेले. तिने दंडाच्या पुढच्या स्नायूवर बोट ठेवून दाखवलं की विंडमिलचा ताण इथे येतो, आणि आठवड्यात किती चेंडू टाकायचे याचा आकडा ठरवून दिला. नवरा उलट्या बादलीवर बसून कॅचर व्हायचा. घरासमोर गाडीच्या वाटेवर खडूने ३५ फूट आखून ठेवले होते. पाऊस ते पुसायचा, आणि लेक टेप घेऊन पुन्हा आखायची. डिसेंबर ते फेब्रुवारी ती गावच्या लीगमध्ये बास्केटबॉल खेळली, तेव्हा पिचिंग आठवड्यातून एकदाच.

२०२५ च्या वसंतात तेरा सामने, ३१ इनिंग, २८ वॉक. मागच्या वर्षी इनिंगला अडीचहून जास्त वॉक होते, ते एकाच्या आत आले. एका सामन्यात तिच्या संघाच्या शॉर्टस्टॉपकडे सहा चेंडू गेले, आणि त्या मुलीचे बाबा मला येऊन म्हणाले की आज पहिल्यांदा माझ्या मुलीने खेळ केला. हे मला आधी दिसलंच नव्हतं. रेकच्या संघात एक नीट पिचर तयार झाली की बाकीच्या आठ जणींना सॉफ्टबॉल मिळतो.

जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीतली विद्यापीठांची अंतिम फेरी आम्ही टीव्हीवर पाहिली. कॅनडीने तिथे तोपर्यंत आपल्या संघाची प्रत्येक इनिंग एकटीने टाकली होती. टेक्सास विद्यापीठाविरुद्धच्या निर्णायक तिसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा गेल्या आणि तिला थांबावं लागलं. लेक जवळ सरकून म्हणाली, "ती दमलीय, आई." मी शिकवणीतला तो चेंडूंचा आकडा पुन्हा फ्रिजवर लावला.

त्याच महिन्यात गावच्या लीगने उन्हाळी स्पर्धेसाठी निवडक मुलींचा संघ केला. ही तिसरी वाट पुष्कळांना माहीत नसते: रेक खेळलेल्याच मुली, दोन-तीन आठवडे रोजचा सराव, शेजारच्या गावांशी चुरशीचे सामने, आणि खर्च जवळजवळ नाही. लेक तिसरी पिचर होती. दोन सामने हरून संघ बाहेर पडला आणि आम्ही जळगावला गेलो.

तिथे माझ्या जुन्या शाळेच्या मैदानावर मुली जिल्ह्याची तयारी करत होत्या. त्यांच्याकडे १२ इंची चेंडू. लेकीने मोठा चेंडू पहिल्यांदा हातात घेतला तो तिथे, चिखलात, मागितलेल्या ग्लोव्हने. पहिले दहा चेंडू भलतीकडे गेले. चौथ्या दिवशी तिची कॅचर, माझ्या वर्गमैत्रिणीची भाची, ओरडली, "टाक गं, जमतंय!" आजी छत्री घेऊन कुंपणाशी उभी होती.

नुकसानही लिहायला हवं. ऑगस्टमध्ये लेक दोन ट्रॅव्हल क्लबांच्या ट्रायआउटला गेली, आता बारा वर्षांखालच्या गटात, जिथे पिचिंग ४० फुटांवरून आणि चेंडू १२ इंची. मागच्या वर्षी गेलेली मैत्रीण तिथे दिसली, आणि त्या एका वर्षाचा फरक लख्ख दिसला. ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) कुठल्या पायावर घ्यायचा, बंट (बॅट आडवी धरून हलकाच टेकवलेला चेंडू) आला की कोण कुठे धावतं, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू असताना थ्रो कुठे करायचा, हे मैत्रिणीच्या अंगात मुरलं होतं. आमची गोंधळत होती. एका क्लबने नकार दिला. दोघींची पूर्वीची जवळीकही परत आली नाही. एकमेकींना भेटतात, बोलतात, पण ते पूर्वीचं नाही. त्या रविवारी आम्ही यातलं काहीच मोजलं नव्हतं.

दुसऱ्या क्लबने घेतलं. त्यांच्या दुसऱ्या फळीच्या संघात, चार पिचरपैकी चौथी म्हणून. या वेळी होकार देण्याआधीच आम्ही दोन तारखा लिहून मागितल्या: ६ सप्टेंबरचा शनिवार, कारण त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, आणि जुलैचे शेवटचे तीन आठवडे. पाचांचे तीन झाले, हे आईला मी फोनवर सांगितलं. तिने तिथे कॅलेंडरवर खुणा केल्या. मराठी शाळेच्या बाईंनी रविवारी हुकलेला धडा बुधवारी फोनवर घ्यायचं कबूल केलं, आणि आत्तापर्यंत तो एकदाच बुडाला आहे.

शरद ऋतूतल्या चार टूर्नामेंटमध्ये तिने एकूण सात इनिंग टाकल्या, सगळ्या शनिवारी. रविवारी बहुतेक वेळ डगआउटमध्ये, हेल्मेट मांडीवर घेऊन. तिने तक्रार केली नाही. मी गाडीत विचारलं की कसं वाटतं, तर म्हणाली, "इथे सगळ्या जणी भारी आहेत, आई. मला आवडतं. पण मला टाकायचंय."

परवा, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, गावच्या रेक लीगचा नोंदणीचा ईमेल आला. वसंतात ट्रॅव्हलच्या पुष्कळ मुली दोन्हीकडे खेळतात, आणि लेकीने आपला फॉर्म स्वतःच भरून माझ्यासमोर आणला. 'आवडती जागा' या ओळीत तिने एकच शब्द लिहिला होता. सामन्यांचे वार ट्रॅव्हलच्या सरावाशी जुळतात का, हे आज रात्री आम्ही तिघं बसून बघणार आहोत.